मुदतबाह्य

कसुबा न्कोलेचं किट्वे या तांब्याच्या खाणींच्या शहरात नाव झालं ते क्रेनच्या खटल्यात. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती आणि खाणकामगारांच्या युनियनची वकील होती. युनियनच्या ऑफिसात तिच्या टेबलाचा एक पाय विटेवर टेकवलेला असायचा, आणि पगार कधी वेळेवर, कधी पुढच्या महिन्यात, असा व्हायचा. पण कामगार तिला मानत. कामावरून काढलेला माणूस तिच्याकडे आला की ती त्याला आधी बसवायची, पाणी द्यायची आणि मग म्हणायची, "आता पहिल्या दिवसापासून सांगा. घाई नाही."

त्या खटल्यातला जेरे भट्टीवरची क्रेन चालवायचा. एका सकाळी वितळलेल्या धातूच्या उकळत्या मळीची बादली खाली येताना थांबायची तिथे थांबली नाही. खाली उभा असलेला माणूस जागच्या जागी गेला. कंपनीने चार दिवसांत चौकशी उरकली आणि निष्काळजीपणाचा ठपका ठेवून जेरेला घरी बसवलं. ब्रेकने धरलंच नाही, असं जेरे जीव तोडून सांगत होता. कंपनी म्हणत होती की ब्रेकबद्दल कुणी कधी तक्रारच केलेली नाही, ही बघा नोंदवही. नोंदवही खरोखरच कोरी होती. कोरी, आणि वीस वर्षं भट्टीच्या धुराजवळ पडलेल्या वहीच्या मानाने फारच स्वच्छ.

ब्रेकचं काम बघणारा फिटर होता लामेक सिकाझ्वे. म्बालाकडचा माणूस, पन्नाशीच्या आसपासचा, बोलायला कंजूस. त्याने तीन वेळा कंपनीच्या नोंदवहीत लिहिलं होतं की ब्रेक घसरतोय. शिवाय त्याला एक खोड होती. दिवसभरात हाताखालून गेलेलं प्रत्येक काम तो संध्याकाळी स्वतःच्या खिशातल्या डायरीत उतरवून ठेवायचा, तारीखवार. त्या डायरीत तिन्ही नोंदी होत्या.

कसुबा त्याच्या वुसाकिलेतल्या, खाणीने दिलेल्या घरी तीन वेळा गेली. तिन्ही वेळा त्याच्या बायकोने, त्यांच्या मुलीच्या म्हणजे चोलाच्या आईने, तिला उपाशी जाऊ दिलं नाही. मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा गरम गोळा, सुकी मासळी, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी समोर ठेवली. पण तोंडाने मात्र तिने एकदाही होकार दिला नाही.

"जेरेची नोकरी जेरेला परत मिळेल," ती म्हणाली. "आमची कोण परत देणार?"

"साक्षीदाराला कायद्याचं संरक्षण असतं, ताई. साक्ष दिली म्हणून कुणालाही काढता येत नाही."

"काढता येत नाही म्हणजे? जेरेला तरी काढता येत होतं का? मग काढलाच ना?"

लामेक खाली मान घालून जेवत होता. कसुबा त्याच्याकडे वळली आणि वडीलधाऱ्यांना लावतात तसा "बा" लावून म्हणाली, "बा लामेक, तुमच्या केसाला जरी धक्का लागला ना, तर मी उभी राहीन. एक पैसा न घेता. हा माझा शब्द."

लामेकने हात धुतले, पुसले आणि आतून डायरी आणून तिच्यासमोर ठेवली. "पानं फाडू नका," एवढंच तो म्हणाला.

कोर्टात कंपनीच्या वतीने हामूंगा उभे होते. कामगार कायद्यातलं त्या भागातलं सगळ्यात मोठं नाव. आवाज मऊ, पण साक्षीदाराला सोलून काढायचे. दोन तास त्यांनी लामेकला उभा ठेवला. शिक्षण किती, दारू पिता का, जेरे तुमचा कोण, डायरी कालच बसून लिहिली नाही कशावरून. लामेक एकेका वाक्यात उत्तर देत राहिला.

"ब्रेक घसरतो म्हणता," हामूंगा शेवटी म्हणाले. "किती घसरतो? मोजलं होतं, की आपलं अंदाजपंचे?"

"मोजलं होतं साहेब. पहिल्यांदा एक वीत. दुसऱ्यांदा दोन."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नाही मोजलं."

"का बरं? कंटाळा आला?"

"नाही. मोजायला बादलीखाली उभं राहावं लागतं."

हामूंगांनी चष्मा काढून पुसला आणि ते खाली बसले. जेरे परत कामावर लागला. युनियनच्या लोकांनी कसुबाला खांद्यावर घेतलं नाही एवढंच. लामेक मात्र निकालाच्या दिवशी आलाच नव्हता. त्याची दुपारची पाळी होती.

पुढच्या वर्षी युनियनचे सभासद घटले आणि ऑफिसचं भाडं थकलं. कसुबाच्या घरात तिच्या थोरल्या बहिणीची तीन मुलं होती. बहीण गेल्यापासून तीच त्यांची आई. अशातच एक दिवस हामूंगांचा फोन आला.

"त्या फिटरला तू तयार केलंस?"

"त्याला तयार करायची गरजच नव्हती, सर."

"म्हणजे माणूस निवडायची नजर आहे तुझ्याकडे. ती मला पाहिजे. ये भेटायला."

ती भेटायला गेली आणि तिथलीच झाली. सुरुवातीला तिने मनाशी ठरवलं होतं की खाणीची कामं घ्यायची नाहीत. बँका, गोदामं, दुकानं यांचीच घ्यायची. वर्षभर ते जमलं. मग एकदा हामूंगा आजारी पडले आणि खाणीच्या एका तारखेला तिला उभं राहावं लागलं. ती जिंकली. त्यानंतर कोण कुठली फाइल घेणार हा प्रश्न कुणी विचारला नाही, तिनेही नाही.

काम तिला छान यायचं, हे खरं. कामगारांच्या बाजूने सात वर्षं लढल्यामुळे त्यांचं घर कुठे गळतं हे तिला पाठ होतं. अर्ज चुकीच्या नमुन्यात आहे, सही दुसऱ्याची आहे, कामगार खात्याकडे आधी दाद मागितली नाही. आणि सगळ्यांत पक्कं हत्यार म्हणजे मुदत. कामावरून काढल्यापासून नव्वद दिवसांत तक्रार कोर्टात पडली पाहिजे. माणूस आधी रडतो, मग नातेवाइकांना विचारतो, मग पाद्रीबाबांना, मग साहेबाच्या पाया पडतो, आणि वकिलाकडे येईपर्यंत शंभर दिवस झालेले असतात. कसुबा फाइल उघडली की आधी तारखा बघायची. कित्येक खटले साक्षीपुराव्यापर्यंत पोचायचेच नाहीत. बाररूममध्ये तिला गमतीने "कॅलेंडरबाई" म्हणायचे, आणि तीही हसायची.

क्रेनच्या खटल्याला पाच वर्षं झाली तेव्हा कंपनीने देखभाल खात्यातली अकरा पदं रद्द केली. काम ठेकेदाराकडे गेलं. ठेकेदाराने दहा जणांना दुसऱ्याच आठवड्यात परत घेतलं, तीच हत्यारं, तीच भट्टी, फक्त टोप्या वेगळ्या. अकरावा लामेक सिकाझ्वे होता.

त्याने पत्र मिळाल्याच्या चौथ्या दिवशी कसुबाला फोन केला. ती कोर्टाच्या व्हरांड्यात होती.

"वकीलबाई, लामेक बोलतोय. ब्रेकवाला."

"बा लामेक! कसे आहात? चोला कशी आहे?"

"बरी आहे. मला काढलं. दहा घेतले, मला नाही घेतलं. मी विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तुमचं नाव वरून खोडून आलंय. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, उभी राहीन, म्हणून फोन केला."

त्या क्षणी तिने सांगायला हवं होतं. मी आता त्यांच्या बाजूला आहे, मला तुमचं काम घेता येत नाही, आजच दुसरा वकील बघा. तीन वाक्यं. पण पाच वर्षांपूर्वी त्याच्या घरी जेवून दिलेला शब्द तिला आठवला आणि ती तीन वाक्यं तिच्याने बोलवेनात. तिला वाटलं, आतल्या आत हामूंगांशी बोलून हे मिटवता येईल. एका फिटरची तर गोष्ट, कंपनीला काय जड आहे? म्हणून ती म्हणाली, "काळजी करू नका. एवढ्यात कुठे काही दाखल करू नका. मी बोलते आणि कळवते."

"बरं," लामेक म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

हामूंगांशी बोलायला तिला तीन आठवडे मुहूर्त सापडला नाही. सापडला तेव्हा ते जेवत होते.

"कोण, तो वीत-दोन-विती?" त्यांनी घास थांबवला नाही. "कंपनी त्याला परत घेणार नाही. आणि तू त्याच्याशी बोलूही नकोस. दुसरा वकील बघ म्हणावं, आणि विषय संपव."

"हो सर."

विषय संपवायचा म्हणजे फोन करायचा. आज करू, उद्या करू असं करत ईस्टर गेला. लामेकचा एकदा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अजून बोलणं चालू आहे." हे सरळसरळ खोटं होतं. तोंडातून निघून गेलं खरं, पण मग ते धरूनच बसावं लागलं. पुढच्या वेळी स्क्रीनवर त्याचा नंबर दिसला आणि तिने फोन टेबलावर पालथा घातला. तो थरथरत थरथरत फायलीच्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला.

जूनच्या शेवटी लामेक स्वतःच कामगार खात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने पत्रावरची तारीख बघितली, बोटांवर महिने मोजले आणि कपाळाला हात लावला. "इतके दिवस काय झोपला होतात काय, म्हातारबा?" तरी त्यानेच लामेकला अर्ज लिहून दिला. तो कोर्टात पडला तेव्हा एकशे एकविसावा दिवस होता.

ती फाइल हामूंगांच्या ऑफिसात आली आणि त्यांनी ती कसुबाच्या टेबलावर ठेवली.

"सर, ही मला नको. मी ओळखते त्याला."

"किट्वेत तू कुणाला ओळखत नाहीस? त्याचं वकीलपत्र होतं कधी तुझ्याकडे?"

"नाही. तो माझा साक्षीदार होता."

"जेरेचा साक्षीदार. तुझा नव्हे. मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे हे सांगायचं तर फोनचं सांगावं लागलं असतं. विरुद्ध बाजूच्या माणसाला कंपनीच्या वकिलाने "थांबा" म्हणून सांगितलं, हे. त्यावर सनद जाऊ शकते हे हामूंगांना सांगायची गरज नव्हती, आणि तिलाही. त्या वर्षी ऑफिसात तिला भागीदारी द्यायचं चाललं होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

अर्जाची सुनावणी ऑक्टोबरमध्ये लागली. उकाड्याने कोर्टाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि बाहेर मिनीबसवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. लामेक वकिलाशिवाय आला होता. अंगात लग्नकार्यात घालायचा कोट, त्याची बाही मनगटावर आखूड झालेली. चोलाची आई मागच्या बाकावर बसली होती. कसुबा आत आली तशी तिने मान फिरवली नाही. उलट टक लावून बघत राहिली.

कसुबा उठली आणि तिने हरकत मांडली. तक्रार एकतीस दिवस उशिरा आलेली आहे. उशिराचं पटण्याजोगं कारण अर्जात दिलेलं नाही. कोर्टाने गुणदोषात जाऊ नये. पाच मिनिटांत ती खाली बसली. हेच भाषण तिने शंभर वेळा केलं असेल.

न्यायमूर्ती एक वयस्क बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी लामेकला विचारलं, "सिकाझ्वे, उशीर का झाला? नीट सांगा. कारण असेल तर मला मुदत वाढवता येते."

लामेक उभा राहिला. "मायलेडी, मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"यांची." त्याने बोट दाखवलं नाही, फक्त मान वळवली. "यांना फोन केला होता. या म्हणाल्या, काही दाखल करू नका, मी बोलते. म्हणून थांबलो. क्रेनच्या खटल्यात यांनीच मला साक्षीला उभं केलं होतं. तेव्हा म्हणाल्या होत्या की काही झालं तर मी उभी राहीन." तो जरा थांबला. "आज उभ्या राहिल्या, पण पलीकडे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वहीत नोंद करावी तसं तो सांगत होता.

"काही कागद आहे? पत्र, मेसेज?"

"नाही, मायलेडी. बोलणं झालं होतं."

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं आणि त्या कसुबाकडे वळल्या. "काउन्सेल, हे म्हणतात ते खरं आहे का?"

हामूंगा तिच्या शेजारीच बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. बाहेरचा मिनीबसवाला "चिम्वेम्वे, चिम्वेम्वे" असं वस्तीचं नाव ओरडत होता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? श्वासाएवढा.

"मायलेडी," ती म्हणाली, "वकिलाला बाकावरून साक्ष देता येत नाही."

कायद्याने हे वाक्य बिनचूक होतं. न्यायमूर्तींनी पेन उचललं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "देता येत नाही."

निकाल दोन आठवड्यांनी आला. दीड पान. अर्जदाराने उशिराच्या कारणाचा कुठलाही पुरावा सादर केलेला नाही. तक्रार मुदतबाह्य असल्याने फेटाळण्यात येते.

सुनावणीच्या दिवशीच गाडीतून परत येताना हामूंगांनी विचारलं, "आला होता त्याचा फोन?"

"हो."

ऑफिसच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस." आणि उतरून गेले.

डिसेंबरात तिला भागीदार केलं. दारावर तिच्या नावाची पाटी लागली. बहिणीच्या मुलांनी घरी केक आणला, गाणी लावली, शेजाऱ्यांना बोलावलं. तिनेही हसून केक कापला. पण तिची झोप उडाली ती उडालीच. पहाटे तीनला जाग यायची आणि एकच आकडा डोक्यात फिरायचा: एकशे एकवीस वजा नव्वद. जणू काही ते गणित पुन्हा करून बघितलं तर उत्तर वेगळं येणार होतं.

मार्चमध्ये एका शनिवारी तिने स्वतःच प्रतिज्ञापत्र टाइप केलं. तारखा, फोन, आपण काय म्हणालो ते, शब्दाला शब्द. लामेक आता वुसाकिलेत राहत नव्हता. खाणीचं घर गेल्यावर तो गार्नेटनच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर राहायला गेला होता. विचारत विचारत ती पोचली.

अंगणात जुनी पिंपं कापून तो कोळशाच्या शेगड्या बनवत होता. तयार शेगड्यांची एक ओळ भिंतीला लावून ठेवलेली. भोकं इतकी सारख्या अंतरावर पाडलेली की यंत्राने पाडल्यासारखी वाटावीत. तिला बघून त्याने हातोडी खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं. चोलाची आई दारात आली.

"पाणी देऊ का जेवण वाढू?" ती म्हणाली. "या घरात जेवल्याशिवाय तुझं काम होत नाही ना? तीनदा जेवलीस तेव्हा माझा नवरा भाजून खाल्लास. आता काय उरलंय?"

"चोलाच्या आई," लामेक हळू म्हणाला.

"मी बोलणार. कोर्टात बोलू दिलं नाही, माझ्या अंगणात तरी बोलू दे." पण ती पुढे बोलली नाही. आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली.

कसुबाने कागद काढला. "बा लामेक, हे मी शपथेवर लिहून देतेय. तुम्ही का थांबलात ते यात आहे. अपिलाची मुदत उलटली आहे, पण मुदतवाढ मागता येते. वकील मी बघून देते, तुम्हाला खर्च नाही."

लामेक हसला. खूप दिवसांनी हसत असावा तसा, जरा खोकत. "आधी मुदत उलटली म्हणून हरलो. आता मुदतवाढ मिळावी म्हणून मुदतवाढ मागायची?"

"हो. तसंच आहे ते."

"किती दिवस लागतील?"

"वर्ष. दीड वर्षही. आणि मिळाली तर मग मूळ खटला सुरू होईल."

"आणि तुमचं काय होईल?"

"सनद जाईल बहुतेक."

त्याने मान हलवली. "वाचा बघू."

तिने वाचलं. आवाज स्थिर ठेवायचा तिने प्रयत्न केला. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "फोन तीन लिहिलेत. चार होते."

"तीनच आले होते, बा लामेक. मी रेकॉर्ड काढून बघितलंय."

"माझ्या नंबरवरून तीन. चौथा दुकानातल्या फोनवरून केला होता. म्हटलं, माझा नंबर बघून उचलत नसतील. तुम्ही उचललात. मी म्हटलं, वकीलबाई, लामेक. तुम्ही म्हणालात, राँग नंबर."

कसुबाला आठवत नव्हतं. ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती: कुठला दिवस, कुठली खोली, कोण समोर बसलं होतं. काहीच आठवेना. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याच्या एका वाक्यावर तिने आयुष्यातला सर्वांत मोठा खटला जिंकला होता. म्हणजे तिने त्याचा आवाज ओळखला, खोटं सांगितलं, फोन ठेवला आणि विसरूनही गेली. किंवा ओळखला नाही. यांतलं काय झालं हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"कुठली तारीख होती?" तिने विचारलं.

तो आत गेला आणि डायरी घेऊन आला. नवी डायरी होती, शेगड्यांच्या मापांनी भरलेली. मागची बरीच पानं उलटून त्याने दाखवलं. सत्तावन्नावा दिवस होता. अजून तेहतीस दिवस हातात होते.

तिने पेनाने तीनचे चार केले आणि शेजारी सही केली. मग कागद त्याच्याकडे दिला. त्याने तो गुडघ्यावर ठेवला, बोटाने सरळ केला, आणि परत तिच्या हातात दिला.

"ठेवा तुमच्याकडे."

"बा लामेक, हे खरं आहे. याच्यावर—"

"खरं आहे म्हणूनच म्हणतो. मी एकदा खरं बोलायला कोर्टात गेलो, नोकरी गेली. दुसऱ्यांदा गेलो, घर गेलं. तिसऱ्यांदा गेलो तर ही जाईल." त्याने दाराकडे मान केली. आत भांडी वाजायची थांबली होती. "मला अठ्ठावन्न झाली. जिंकून पुन्हा ब्रेकवर चढणार आहे का मी? शेगड्या चालतात. थंडी आली की जास्त चालतात."

तिने आणखी एकदा विचारलं. त्याने पुन्हा मान हलवली आणि हातोडी उचलली.

गाडीत बसून तिने काच वर केली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की आपला जीव भांड्यात पडला आहे. सनद राहिली. पाटी राहिली. मुलांची फी भरता येईल. हे इतकं स्वच्छ, इतकं झटकन मनात आलं की तिला स्वतःचीच शिसारी आली. रस्त्यात दोनदा तिने गाडी बाजूला घेतली. तो कागद ती त्याच्या नावाशिवाय, एकटीने बार कौन्सिलकडे पाठवू शकत होती. त्यासाठी लामेकच्या सहीची गरज नव्हती. हे तिला त्या दिवशीही माहीत होतं आणि नंतरही रोज माहीत होतं. कागद तिच्या घरच्या कपाटात राहिला.

सोमवारी ती कोर्टात होती. एका खानावळीतल्या स्वयंपाकिणीची तक्रार, चार दिवस उशिरा आलेली. कसुबा उठली, हरकत मांडली आणि खाली बसली.

तिच्यात बदल झाला तो एवढाच. लोकांनीही तो पाहिला, पण त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. चर्चमध्ये, बाजारात, कुणाच्या घरी मयत झाली असता शोकाला बसलेल्या बायकांत, कुठेही कुणी म्हणालं की अमक्याला कामावरून काढलं, की ती मधेच तोडून विचारायची, "कुठल्या तारखेला?" मग बोटांवर मोजायला लागायची. "अजून एकोणचाळीस दिवस आहेत. उद्याच दाखल करा. कुणाची वाट बघू नका. माझीही नाही."

एकदा चांबोलीत एका शोकाच्या घरी असंच झालं. कापडाच्या गिरणीतून काढलेली एक बाई शेजारी बसून डोळे पुसत सांगत होती, आणि कसुबाने पहिलाच प्रश्न तारखेचा विचारला. बाईने तारीख सांगितली. कसुबाने मोजलं.

"काल संपली," ती म्हणाली.

बाईला काय संपलं ते कळलं नाही. ती अंगावरच्या कापडाने नाक पुसून दुसऱ्या बाजूला सरकली आणि तिथल्या म्हातारीला हळूच म्हणाली, "एवढी शिकलेली बाई. निदान 'वाईट झालं' म्हणेल असं वाटलं होतं."